नावानं केलेली आंघोळ

देवगाव रंगारी,
१२ जुलै १९७४

हेमचंद्रास आवडाक्काचा आशीर्वाद.

काल तुझ्या शहागंजच्या ब्यांकेत येऊन गेले तवा तू चार पानांचा फारम हातात दिला आन म्हनला, "आवडाक्का, घरी निवांत भरा." बरं झालं घरी आणला. तिथं चार लोकांत भरायला बसले असते तर ब्यांकेत मारामारी झाली असती. आरं, सोयरीक जमवताना पोरीला इतकं इचारत नायत!

तुझ्या आईनं, अनसूयाकाकूंनी मला पाटीवर अक्षरं शिकवली, म्हून हे लिवते. तुमी गाव सोडलं त्याला अठरा वर्सं झाली. तवा तू आठ वर्साचा व्हता, नाकात शेंबूड. आता कोट घालून लोकांना वय इचारतो.

खातं मला काहून पायजे ते नीट ध्यानात ठिव. तीन म्हशी माझ्या बापानं मला दिलेल्या. वैरण मी घालते, शेण मी काढते, धार मी काढते. पन दूध सोसायटीच्या वहीत माझं नाव नाय, म्हून पैसा माझ्या हाती येत नाय. समोरच्या घरी सरूबाई म्हून एक बाई ऱ्हाती, तिच्या डब्यात जातो. कसा जातो ते लिवायची लाज वाटती. आता सोसायटीवाले म्हनतात, दसऱ्यापासून ज्याचं ब्यांकेत खातं त्याच्याच नावाची वही. दसऱ्याच्या आत माझ्या एकटीच्या नावानं खातं निघालं तर म्हशी माझ्या. नाय तर मरस्तोवर मी बिनपगारी गडी.

आता तुझ्या फारमाचं बघ.

नवऱ्याचं नाव. ते बाईनं घेऊ नये हे तुला ठावं असंल. लगनात उखाण्यात एकडाव घेतलं, तेवढं बास. राम आन किसन हे दोन देव एका अंगात कोंब, व्हईल ते लिव. आडनाव निकम.

वय. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं. तवा मी चौदा वर्साची. हिशेब तू कर, पगार तुला मिळतो.

शरीरावर ओळखीच्या दोन खुणा. एक डाव्या गालावर तीळ. दुसरी हाय, पन ती ब्यांकेला दाखवायची नाय.

अर्जदार पर्दानशीन आहे काय. आरं, पडदा घेऊन म्हशी धुवू का? निजाम गेला आन त्याचा पडदा तुमच्या फारमात कसा अडकून ऱ्हायला?

घराण्यात कोणास वेड लागले आहे काय. हा फारम घरात यायच्या आधी नव्हतं लागलं.

पतीचा व्यवसाय. लिवण्यासारखा नाय. मोकळं सोडलं.

आन शेवटी ती वैवाहिक स्थिती. कुमारी, विवाहित, विधवा, तीन चौकटी. एकीत खूण करा म्हने. मला तिन्हीत जागा नाय. तुला खरं ते सांगते. त्यांच्या नावानं मी सहा वर्सामागं आंघोळ केली. आडावर जाऊन, समद्या गावादेखत, डोक्यावरून दोन घागरी. आता कोनत्या चौकटीत खूण करायची ते तूच ठरव, तू शिकलेला हाय.

सही केली हाय. काकूंना नमस्कार.

आवडाक्का

∗

शहागंज, औरंगाबाद,
१७ जुलै १९७४

गं. भा. आवडाक्का यांस हेमचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून सुन्न झालो. सहा वर्षे झाली आणि आम्हाला एका ओळीने कळवले नाहीत! काउंटरवर तुम्ही इतक्या हसून बोललात की मला शंकासुद्धा आली नाही. आणि मी मूर्खासारखा तुमच्यापुढे "पतीची संमती" असे छापलेला कागद सरकवला. क्षमा असावी. दोन घागरी डोक्यावरून, हे वाक्य मी दोनदा वाचले. आईला अजून सांगितलेले नाही. तिचा रक्तदाब वाढला आहे, अशी बातमी तिला सोसणार नाही.

आता कामाचे. तुमच्या पत्रावरून मी अर्ज स्वच्छ अक्षरात भरून काढला आहे. पतीचे नाव "कै. रामकिसन निकम" असे लिहिले आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली. दुःखात सुख म्हणावे तर एवढेच, की विधवा अर्जदारास पतीच्या संमतीची सही लागत नाही, त्यामुळे खाते तुमच्या एकटीच्या नावाने निघू शकते. सरूबाई म्हणजे तुमच्या जाऊबाई असाव्यात असे मी धरतो. दीर गेल्यावर जावेचे दूध लाटणाऱ्या जावा आमच्याही नात्यात आहेत.

एक अडचण मात्र होती. नियमाप्रमाणे पतीच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. त्यासाठी तुम्हाला हेलपाटे नकोत, म्हणून मी बँकेच्या कागदावर परस्पर तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना पत्र टाकले आहे. मयताची तारीख, कारण आणि वारसांची नावे शिक्क्यानिशी कळवा, असे त्यात लिहिले आहे. पोलीस पाटील हा जबाबदार माणूस असतो, आठ दिवसांत उत्तर येईल.

तुम्ही निश्चिंत असा.

आपला,
हेमचंद्र

∗

देवगाव रंगारी,
२२ जुलै १९७४

आरं हेमचंद्रा, काय केलंस रं बाबा हे!

कोनाला पत्र टाकलंस तू? या गावचा पोलीस पाटील कोन हाय, एकडाव इचारायचं तर व्हतं! आरं, तेच ते. राम आन किसन एका अंगात कोंबलेले. माझा नवरा!

जित्ता हाय तो. चांगला तीन भाकरी खातो.

काय झालं ते आता बैजवार ऐक. सरकारी लखोटा आला की चावडीवर बसून मोठ्यांदा वाचायची त्यांना लई हौस. लोकांना कळावं ना, पाटलाला वरून पत्रं येतात. तर शनवारी कोतवाल सांडूनं लखोटा आणून दिला. ब्यांकेचा शिक्का बघून ह्यांनी फेटा सारखा केला, आठ-दहा लोकांना जवळ बोलावलं, चष्मा लावला आन सुरू. "देवगाव रंगारी येथील कैलासवासी रामकिसन निकम हे मयत झाल्याची तारीख व कारण कळवावे." असं ठासून वाचलं बघ! पुढची ओळ बी अर्धी वाचली, "गं. भा. आवडाबाई यांचे", आन तिथं गाडी थांबली. हे समदं सांडूनंच सांगितलं. मंग बन्सी न्हावी हळूच म्हनला, "पाटील, कारन काय लिवायचं?" त्यावर जी चावडी हसली, ती माझ्या गोठ्यात ऐकू आली.

निम्मी बातमी सरूबाईकडं पोचली. ही सरूबाई माझी जाऊ नाय रं येड्या. माझ्या नवऱ्यानं सहा वर्सामागं आणलेली दुसरी बायको ती. मला मूल ऱ्हाईना म्हून आणली, तिलाबी काय झालं नाय, ते जाऊ दे. तर ती पाण्याला गेली व्हती, तिला कुनी सांगितलं पाटील गेले, ब्यांकेचं पत्र आलं. तिनं आडावरच गळा काढला. बांगड्या फोडाय निघाली तवर हे तिथं हजर. तिला वाटलं भूत. घागर टाकून पळाली.

मंग माझ्या दारात आले. सहा वर्सांत पहिल्यांदा माझ्या दारात. "मी मेलो का गं?" म्हनले. मी म्हनलं, "मला काहून इचारता? ब्यांकेला इचारा, तिथं कागद असतात."

आरं बाबा, नावानं आंघोळ केली म्हंजी माणूस मेला असं व्हतं का? सोडला, तोडला, आपल्या लेखी संपला, असं व्हतं. ते सरूबाईला घेऊन आले त्या दिवशी मी खरंच आडावर गेले आन खरंच दोन घागरी ओतल्या. त्यांनी बी बघितलं व्हतं. तुमच्या घरात ही म्हन कुनी बोलत नाय का?

खरं सांगू? तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मंग पोट धरून हसले. म्हशी दचकल्या. पन आता हसू बास झालं. हे सोमवारी काठी घेऊन तुझ्या ब्यांकेत येनार हायत. मला माझ्या खात्याची काळजी लागली. दसऱ्याला तीन महिने ऱ्हायले. जित्त्या नवऱ्याची बायको म्हून ते आता सही मागतील का? त्यांची सही लागली तर समदं मुसळ केरात गेलं समज.

लगेच कळव.

आवडाक्का

∗

शहागंज, औरंगाबाद,
३० जुलै १९७४

ती. आवडाक्का यांस,

(गं. भा. लिहिण्याची हिंमत नाही, सौ. लिहावे तर तुम्ही रागवाल, म्हणून नुसतेच तीर्थरूप.)

माझे चुकलेच. आमच्या घरी परगावी कोणी वारल्याचे पत्र आले की आई म्हणते, "अमक्याच्या नावाने आंघोळ करून घ्या रे." मी तेवढेच ऐकत वाढलो. आईला शेवटी सगळे सांगितले, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे गाढवा, आवडा आधी बोलते वाकडं, मग सरळ. तुला एवढंही ठाऊक नाही?" मग तासभर हसत होती. रक्तदाब उतरला असावा.

इकडे मात्र हसण्यासारखे काही नाही. पाटीलसाहेब काल आले. फेटा, काठी आणि बरोबर ते जिवंत असल्याचे दोन साक्षीदार. दारातूनच ओरडले, "कोन हाय रं तो मला मारनारा?" सगळ्या बँकेने माझ्याकडे बोट दाखवले. साहेबांनी त्यांना आत बसवले, चहा दिला आणि मला मेमो दिला. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, आक्का. जित्या माणसाला कैलासवासी केल्याचा मेमो माझ्या फायलीला कायमचा लागला.

आता खात्याचे. पती हयात असल्यामुळे साहेबांनी माझी खूण खोडली आणि दुसऱ्या चौकटीत केली, विवाहित. म्हणजे पतीची संमती आली. पाटीलसाहेब एकदम खूश. म्हणाले, "सही देतो की. पन खातं दोघांच्या नावानं काढा. बाईमाणसाला काय कळतं पैशातलं." ते ऐकून मी मान खाली घातली, तुमच्या तीन म्हशी माझ्या डोळ्यांपुढे समोरच्या घरी निघाल्या होत्या.

पण आमचा फॉर्म पतीलाही सोडत नाही. संमती देणाऱ्या पतीसाठी वेगळा कागद आहे. त्यात व्यवसाय, उत्पन्न, दारूचे व्यसन, आणि पाचवा प्रश्न असा, "पत्नीचे नाव (एकाहून अधिक असल्यास सर्वांची लिहावीत)." पाटीलसाहेबांनी सरकारी कागद भरायच्या सवयीने झोकात लिहिले, "एक. सरूबाई." तहसिलात त्यांनी तेच लिहून दिलेले आहे म्हणे.

साहेबांनी चष्मा वर केला. म्हणाले, "मग आवडाबाई आपल्या कोण? दोन असतील तर तसे लिहा. फक्त सरकारी माणसाला दुसरी बायको करता येत नाही. मला तहसीलदारांना कळवावे लागेल, पाटीलकी जाईल." पाटीलसाहेब दोन पेले पाणी प्यायले. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले...

आक्का, पुढचे कसे लिहावे कळत नाही. पण तुम्ही लगेच कळव म्हणालात. ते म्हणाले, "ती माझी कोनी नाय." साहेब म्हणाले, "मग तसे लेखी द्या, शिक्क्यानिशी." आठ दिवसांत दाखला देतो असे सांगून ते गेले.

दाखला आला तर खाते तुमच्या एकटीचे होईल, हे खरे. पण असा दाखला तुम्हाला हवा आहे का, हे मी कोण विचारणार? पतीची आणि वडिलांची नावे विचारायचा पगार मिळतो मला, पण हा प्रश्न माझ्याच्याने विचारवत नाही.

आपला,
हेमचंद्र

∗

देवगाव रंगारी,
७ ऑगस्ट १९७४

हेमचंद्रास आशीर्वाद.

दाखला सोबत जोडला हाय. नीट जपून ठिव, असा कागद जिल्ह्यात दुसरा नसंल.

ते काल आले व्हते. बगलेत दप्तर, हातात शिक्का आन शाईची डबी. गोठ्याच्या दाराशी उभे ऱ्हायले, आत यायला म्हशीचं भ्या. "आवडे," म्हनले, "तुझंबी काम व्हतंय, माझंबी व्हतंय. कागदाचं काय, कागद खाऊन कुनी जगत नाय." मी म्हनलं, "बरुबर हाय. वाचून दाखवा."

"काय वाचायचं त्यात?"

"चावडीवर तर मेल्याचं पत्र बी मोठ्यांदा वाचता. हे बी वाचा."

मंग वाचलं. पन आवाज चावडीचा नव्हता. "दाखला देण्यात येतो की, मौजे देवगाव रंगारी येथील रहिवासी आवडाबाई कडूबा मोकासे, वय वर्षे एकोणचाळीस, या आमच्या माहितीप्रमाणे अविवाहित असून त्यांस पती नाही व नव्हता." खाली त्यांची सही. पोलीस पाटील म्हून.

ते "नव्हता" बघितलंस? "नाही" म्हनले असते तरी ब्यांकेचं भागलं असतं. "नव्हता" हे त्यांनी आपल्या पदरचं घातलं. सरकारी माणसाला कागद पक्का करायची खोड असती ना.

मी म्हनलं, "सही ठळक करा, शाई पुसट हाय." त्यांनी परत गिरवली. जाताना मान वर करून बघितलं नाय.

ते गेल्यावर मी हसले. कुमारी आवडाबाई! एकोणचाळीस वर्साची, पोलीस पाटलाच्या शिक्क्यानिशी कुमारी! आता मला स्थळं बघाय हरकत नाय, तुझ्या ब्यांकेत कुनी बिनलगनाचा शिपाई असला तर कळव, दूध चांगलं देईन म्हनावं. हसता हसता तव्यावरची भाकर जळाली. मंग चुलीम्होरं बसून रडले बी, तुझ्यापासून काय लपवायचं. पंचवीस वर्सं रं. सासऱ्याचं हागणंमुतणं काढलं दोन वर्सं. दुष्काळात माझ्या अंगावरचं सोनं मोडून त्यांच्या बैलाला वैरण घातली. मी त्यांना तोडलं ते रागानं, समद्या गावादेखत, ओरडून. त्यांनी मला खोडलं ते पाटीलकी वाचवायला, खाली बघून. ह्यातलं वाईट कोनतं ते तुझ्या फारमात इचारलेलं नाय.

पन झालं ते बरं झालं. आता आपल्याला त्यांची सही नको का काय नको. नवा फारम पाठव, भरूनच पाठव, मी सही करते. पयल्या चौकटीत खूण कर. चांगली मोठी कर.

मेमोचं वाईट वाटलं. तुझ्या सायबाला खरवस पाठवला असता, पन म्हैस व्यायला अजून महिना हाय.

आवडाक्का

∗

शहागंज, औरंगाबाद,
१३ ऑगस्ट १९७४

कु. आवडाक्का यांस सप्रेम नमस्कार.

(आईने मला कु. लिहिताना पाहिले आणि चिमटा काढला. पण बँकेत आता तेच अधिकृत आहे.)

दाखला मिळाला. साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला, शिक्का खरा आहे म्हणाले. सगळे जमले, आक्का! पतीचे नाव, पतीचा व्यवसाय, पतीची संमती, पतीचे उत्पन्न, कितीतरी रकाने एका फटक्यात गेले. अर्ज चार पानांचा होता, आता दीड पानाचा उरला. कुमारी असण्यात एवढी सोय आहे हे मला ठाऊक नव्हते.

उरलेले मीच भरले आहे. वडिलांचे नाव कडूबा मोकासे. ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ, आणि दुसरी "डाव्या हातावर विळ्याची खूण" अशी माझ्या मनाने घातली, गवत कापणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच. पर्दानशीन, नाही. वेड, नाही. शेवटच्या पानावर अपत्यांचा रकाना होता, तिथे तिरपी रेघ मारून "लागू नाही" लिहिले. तुम्ही फक्त खाली फुलीच्या जागी सही करा आणि परतीच्या टपालाने पाठवा. साहेब म्हणाले आहेत, या आठवड्यात अर्ज आला तर गणपतीआधी पासबुक.

म्हणजे दसऱ्याच्या पुष्कळ आधी. जिंकलो आपण.

आपला,
हेमचंद्र

∗

देवगाव रंगारी,
१९ ऑगस्ट १९७४

हेमचंद्रा,

सही केलेली नाय. रागवू नको, आधी वाच.

तू अपत्याच्या रकान्यावर रेघ मारली ती खोड. मला एक लेक झाली व्हती. गोदावरी. लगनाला पाच वर्सं झाल्यावर. तू तवा सहा वर्साचा, तुला आठवत नसंल. तुझ्या घरी तुझ्या आईच्या मांडीवर खेळायची ती. मी धार काढाया बसले की माझ्या गुडघ्याला धरून उभी ऱ्हायची आन तोंड उघडायची. पयली धार तिच्या तोंडात, मंग चरवीत. अडीच वर्साची झाली आन गोवरानं गेली. तुझ्या आईला इचार, तिनंच तिला शेवटचं न्हाऊ घातलं, माझे हात चालंनात म्हून. मागल्या पत्रात मी लिवलं, मूल ऱ्हाईना म्हून दुसरी आणली. ते गावाचं बोलणं हाय, मीबी तसंच बोलते. ऱ्हायलं नाय हे खरं. झालं नव्हतं असं नाय.

दाखला आला तवा मला हे सुचलं नाय. तुझी ती रेघ बघितली आन सुचलं. त्यांनी मला खोडलं, खोडू दे. मी बी त्यांना खोडलं व्हतं, फिट्टमफाट झाली. पन पोरीनं काय केलं व्हतं? "पती नव्हता" लिवताना त्यांच्या ध्यानात बी आलं नसंल की आपन तिलाबी पुसली. तिला चार माणसं वळखत व्हती. दोघं मेली. तुझी आई आन मी ऱ्हायलो. ते पाचवे, ते आता वळख देत नायत.

तवा असं लिव. वैवाहिक स्थिती, कुमारी. अपत्ये, एक. नाव गोदावरी. वय अडीच वर्सं.

वय इचारतोय ना तुझा फारम? मंग तेवढंच वय हाय तिचं. पुढं सरकलं नाय.

असं लिवलं तर सही करीन. नाय तर खातं नको मला. म्हशी सरूबाईच्या दारात बांधून येईन आन शेंद्र्याला भावाच्या घरी निघून जाईन, पन असल्या कागदावर सही करनार नाय.

तुला आनखी एक मेमो मिळंल, ते मला कळतं. त्याचं मला लई वाईट वाटतं. सायब इचारतील, कुमारीला पोर कसं? तू मान खाली घालू नको. म्हनावं, मला काय ठावं, दाखल्यावर ज्याची सही हाय त्यालाच इचारा.

आवडाक्का

∗

शहागंज, औरंगाबाद,
२८ ऑगस्ट १९७४

ती. आवडाक्का,

आईने तुमचे पत्र माझ्या हातातून घेतले, वाचले आणि बराच वेळ परत दिले नाही. मग म्हणाली, "गोदी डाव्या हाताने जेवायची. लिही आवडा म्हणते तसंच."

तसेच लिहिले, आणि साक्षीदार म्हणून आईने ते खरे असल्याचे लेखी दिले. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारले. मी तुम्ही सांगितलेले उत्तर दिले, मान वर ठेवून, आणि तुमचे पत्रही त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. विचारा त्यालाच." मसुदा मी केला, टंकलेखन मीच केले, सही साहेबांची. प्रत खाली जोडली आहे. मूळ पत्र आजच्या टपालाने चावडीच्या पत्त्यावर गेले. अर्ज परत पाठवतो आहे, आता सही करा.

हेमचंद्र

∗

जा. क्र. ४१३/७४
दिनांक २८ ऑगस्ट १९७४

प्रति,
पोलीस पाटील,
मौजे देवगाव रंगारी, तालुका कन्नड

विषय : कुमारी आवडाबाई कडूबा मोकासे यांच्या अपत्याबाबत खुलासा मागविणे.

महोदय,

आपण दिलेल्या दाखल्यानुसार उपरोक्त बाई अविवाहित असून त्यांस पती नाही व नव्हता. तथापि बाईंनी अर्जात नाव गोदावरी, वय अडीच वर्षे, असे एक अपत्य नमूद केले असून ते खरे असल्याबद्दल एका साक्षीदार स्त्रीने लेखी दिले आहे. सदर मुलगी सन १९५६ साली आपल्याच गावी गोवराने मरण पावली.

तरी आपल्या दप्तरातून व आठवणीतून पाहून पुढील माहिती शिक्क्यानिशी कळवावी :

सदर मुलीच्या वडिलांचे नाव काय?

सदर वडील हयात आहेत काय?

आपले लेखी उत्तर येईपर्यंत बाईंचे खाते त्यांच्या एकटीच्या नावाने उघडून चालू ठेवण्यात येईल.

आपला विश्वासू,
शाखाधिकारी

प्रत माहितीसाठी : कुमारी आवडाबाई कडूबा मोकासे, कु. गोदावरीची आई